आज आहेस, उद्या नाहीस

९ फेब्रुवारी

प्रिय लिफ्टवाले,

रविवारी लाइन तुटली नव्हती. फोन मी ठेवला.

आता एक नियम करू. यापुढे फोनवर फक्त जेवलास का, झोपलीस का एवढंच. भांडण पत्रातून. मेलही नको, कारण माझी दुसरी ओळ वाचून व्हायच्या आत तुझं उत्तर टाइप झालेलं असतं. पत्राला दहा-बारा दिवस लागतात, तेवढ्यात माणूस जरा थंड होतो. शिवाय पत्रात कुणी कुणाला मधेच तोडू शकत नाही.

तर मुलाखतीचं सांगते, पहिल्यापासून. फोनवर तू मला सांगूच दिलं नाहीस.

साडेआठची वेळ दिली होती, मी साडेसातला रांगेत. बाबाही आले. मी त्यांना म्हटलं, तुमचं आत काही काम नाही, तर म्हणाले, "बाहेर तर आहे ना," आणि व्हिसा ऑफिससमोरच्या बाकावर पेपर उघडून बसले. आत काचेपलीकडे एक बाई होती. वर न बघता प्रश्न विचारत होती. लग्न कधी झालं, साक्षीदार कोण, नवरा काय काम करतो, चहात साखर किती घेतो. मी सगळं धडाधडा सांगितलं. मग तिने विचारलं, नवरा पलंगाच्या कोणत्या बाजूला झोपतो? मी म्हटलं, डाव्या, खिडकीकडे. तिने आदल्या दिवशीच्या तुझ्या मुलाखतीचा कागद पुढे ओढला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि पहिल्यांदाच वर बघितलं.

"ते तर उजवीकडे म्हणाले."

मी हसले. चूक झाली. ती हसली नाही.

घरी येऊन मी दिवस मोजले. लग्नाला सव्वादोन वर्षं झाली. त्यात आपण एकत्र राहिलो ते लग्नानंतरचे तेवीस दिवस आणि मधे तू रजेवर आलास ते अठरा. एकेचाळीस. एवढ्या दिवसांत माणसाची बाजू ठरते, असं मला वाटत होतं. अर्ज टाकून एकोणीस महिने झाले. तीन महिन्यांत होईल म्हणाले होते.

लॅबमध्ये नवं यंत्र आलंय. तोंडाचं माप संगणकावर घेऊन दाताची कॅप आपोआप कोरून देतं. ते शिकायला मालकीणबाईंनी माझ्यानंतर चार वर्षांनी लागलेल्या सहकारिणीला बसवलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "तुझं काय, आज आहेस, उद्या नाहीस." त्या वाईट नाहीत, खरंच तसं समजतात. मीही समजते. गेली दीड वर्षं मी रोज उद्या नसते, आणि रोज सकाळी नऊला तिथेच मेण तापवत बसलेली असते.

उजवीकडे का म्हणालास, ते लिही.

दातवाली


२१ फेब्रुवारी

प्रिय दातवाली,

उजवीकडेच झोपतो म्हणून उजवीकडे म्हणालो.

त्या माणसाने विचारलं तेव्हा डोळ्यांसमोर तुझी-माझी तिकडची खोली आलीच नाही, इथली आली. इथे पलंग भिंतीला चिकटून आहे. मी उजव्या कडेला झोपतो, भिंतीकडची जागा मोकळी ठेवतो. मधोमध पाय पसरून झोपायला अजून जमत नाही. माझ्यासोबत खोलीत राहणारा प्लंबर मला विचारतो, "त्या बाजूला कोण भूत झोपवतोस का?" आता हे व्हिसा ऑफिसला कसं समजावणार? तिकडची खोली विचारताय की इथली, असं मी विचारायला हवं होतं. सुचलं नाही.

फोनवर मी ओरडलो, ते चुकलं. एकोणीस महिने वाट बघायची आणि एका गादीवरून अडकायचं, म्हणून डोकं फिरलं. पण तू तरी आठवून बोलायला हवं होतंस, असं अजूनही मनात येतं. खोटं का लिहू.

यंत्राचं वाईट वाटून घेऊ नको. इकडे आलीस की असली यंत्रं गल्लोगल्ली आहेत. तिथे जीव कशाला अडकवायचा.

माझं बरं चाललंय. सध्या उंचावरचं काम कमी आहे. अक्षराला हसू नको, थंडीने हात आखडतो. म्हणून पत्र लहान.

बाबांना नमस्कार.

लिफ्टवाला


१४ मार्च

प्रिय लिफ्टवाले,

भिंतीकडच्या जागेचं वाचलं आणि कपाटासमोर उभी राहून रडले. मग पुढची ओळ वाचली. 'तू तरी आठवून बोलायला हवं होतंस.' रडं थांबलं.

आठवूनच बोलले होते मी. पण जाऊ दे, चूक माझी. महिनाभर दुसरं काही डोक्यातच नाही. कॅप घासताना डावीकडे, बसमध्ये उजवीकडे. परवा एका आजोबांच्या कवळीत वरचे दोन दात मी उलटसुलट लावले. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बाईंनी कवळी हातात घेतली, परत माझ्यासमोर ठेवली. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता मुख्य गोष्ट. आपल्या फाइलमधली माझी वैद्यकीय तपासणी मुदत संपून बाद झाली. सहा महिनेच चालते. ही तिसरी. तोच डॉक्टर, तेच मशीन. "श्वास रोखून धरा." मी म्हटलं, दीड वर्ष तेच करतेय. त्याला कळलं नाही. पोलिसांचा दाखलाही शिळा झाला. चौकशीला हवालदार घरी आला, बाबांना विचारतो, "सूनबाईंची वागणूक कशी आहे?" बाबा म्हणाले, "माझ्यापेक्षा बरी." त्याने ते तसंच लिहून घेतलं. फोटोही नवा हवा. कान दिसले पाहिजेत आणि हसायचं नाही. हसण्याची अट मी आता सहज पाळते.

हेल्पलाइनवर मी सतरावी होते. तासाभराने सहावी झाले, मग लाइन गेली आणि परत लावल्यावर एकविसावी. लागला एकदाचा. पलीकडची म्हणाली, "तुमचा अर्ज विचाराधीन आहे." मी विचारलं, विचार कोण करतंय, त्याच्याशी बोलता येईल का? तिने तेच वाक्य परत म्हटलं. तिचा दोष नाही, तिच्यासमोर तेवढंच लिहिलेलं असणार.

तुझ्या आत्याचा फोन आला होता. "अगं, अजून इथेच का तू?" पहिलं वाक्य हेच. दुसरं, आवाज खाली घेऊन, "तिकडे दुसरी कुणी तर नाही ना?" मी म्हटलं, आत्या, तिकडे एक प्लंबर आहे.

तू एक कर. तुझ्या कंपनीकडून एक पत्र घे, की हा माणूस आमच्याकडे कामाला आहे, याच्या बायकोच्या अर्जाचा निकाल लवकर लागावा. लॅबच्या शेजारचे वकील म्हणतात, त्याने फाइल हलते.

आणि नीट लिही रे. गेलं पत्र म्हणजे मुंगी शाईत बुडून कागदावरून चालत गेली होती. मी चार-चार पानं लिहायची आणि तू आखडत्या हाताने एक. बाबांना ते पत्र दाखवलं, तर त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं करून परत दिलं.

दातवाली


२७ मार्च

प्रिय दातवाली,

पेन बदललंय.

कंपनीच्या पत्राचं बघतो. इथे अशा गोष्टींना वेळ लागतो, साहेब सारखा फिरतीवर असतो. तू वकिलांच्या नादी लागू नको. हेल्पलाइनलाही सारखा फोन करू नको, उगाच त्यांच्या डोळ्यावर यायला होतं. धीर धर. एवढे दिवस काढले, थोडे राहिले.

या आठवड्यात एक गंमत झाली. सातव्या मजल्यावर लिफ्ट अडकली, आत एक म्हातारी. दार फाकवून बघतो तर बाई पिशवीवर बसून शब्दकोडं सोडवतायत. म्हणाल्या, "थांब, दोन शब्द राहिलेत." मी खरंच थांबलो.

हसलीस ना?

लिफ्टवाला


२० एप्रिल

परवा सकाळी लॅबमध्ये होते. एका हातात मेणाची सुरी, दुसऱ्या हाताने फोनवर व्हिसा ऑफिसचं पत्र उघडलं. बाजूला बसलेल्या सहकारिणीला म्हटलं, "आला बहुतेक." ती उठून उभी राहिली, आणि मी वाचलं.

'अर्जदाराच्या पतीच्या कंपनीकडे चौकशी केली असता ते गेल्या ११ नोव्हेंबरपासून तेथे कामाला नसल्याचे कळवण्यात आले. तीस दिवसांत खुलासा करावा.'

तुला फोन लावला. तू म्हणालास, "हो, खरं आहे." मी फोन ठेवला. काय झालं ते तू सांगितलं नाहीस, आणि मला विचारायचा धीर झाला नाही. इतकंच खरं.

आता लिहून विचारते. अकरा नोव्हेंबरला काय झालं? आज तू कुठे काम करतोस, की करतच नाहीस? फेब्रुवारीत मुलाखतीत काय सांगितलंस? आणि ती शब्दकोडंवाली म्हातारी, ती कधी अडकली होती?

मी दोन महिने गादीची बाजू आठवत बसले. माझ्यामुळे आपलं अडलं, असं रोज स्वतःला ऐकवलं. तू ते वाचत होतास. वाचून 'धीर धर' लिहीत होतास.

अजून काय लपवलंयस ते एकदाच सांगून टाक. हप्त्याहप्त्याने नको.


२२ एप्रिल

प्रिय,

तुझं पत्र यायला वेळ आहे. त्याची वाट न बघता लिहितोय. मागचं पत्र मी प्लंबरकडून लिहून घेतलं होतं, हे माझ्याच हातचं आहे. तीन दिवस लागतील, पण पुरं लिहीन.

अकरा नोव्हेंबरला आम्ही दोघे एका इमारतीत लिफ्टच्या दाराचा रोलर बदलत होतो. माझा उजवा हात आत होता. जोडीदाराला वाटलं मी हात काढला, त्याने दार चालवलं. बस, एवढंच. तर्जनी आणि मधलं बोट. दोन्ही बोटांची वरची पेरं गेली. दुखण्याचं लिहीत नाही, ते आता नाही.

सहा आठवडे हात गळ्यात होता. प्लंबरने जेवण केलं, शर्टाची बटणं लावली, डोकं धुतलं. कंपनीने मी स्वतःहून सोडून गेलो असं दाखवलं. भांडायला ना भाषा पुरली, ना ताकद. जानेवारीत एका गोदामात लागलो. लिफ्टचे सुटे भाग असतात तिथे, मी ते मोजतो, लेबल लावतो. मुलाखतीत 'लिफ्टच्या कामात आहे' म्हणालो. खोटं नव्हतं, खरंही नव्हतं. गोदामात सहा महिने झाल्याशिवाय कायम करत नाहीत. मला वाटलं, कायम होईपर्यंत गप्प बसावं, किंवा तोवर व्हिसाच येईल. रोज वाटायचं, उद्या येईल. तू आलीस की हात बघशील, रडशील, आणि मग सगळं ठीक होईल. व्हिडिओवर हात टेबलाखाली ठेवत होतो.

म्हातारी मागच्या वर्षीची.

आता जे सांगायला सगळ्यात जड जातंय ते सांगतो. पलंगाची बाजू चुकली, असं तू फोनवर सांगितलंस, तेव्हा मी ओरडलो, पण आतून मला सुटल्यासारखं झालं. आता उशीर झाला तर तो गादीमुळे, माझ्यामुळे नाही. तू स्वतःला बोल लावून घेत होतीस आणि मी घेऊ दिले. तुझं चौदा मार्चचं पत्र वाचलं तेव्हाच सांगायला हवं होतं. कागद पुढे घेतला, आणि प्लंबरकडून म्हातारीची गोष्ट लिहून घेतली.

माफ कर असं लिहिणार होतो. ते लिहायचा हक्क आहे की नाही, कळत नाही.

तुझा गोदामवाला


६ मे

तुझं पत्र परवा आलं. रागाने सुरुवात करावी की दुसऱ्या कशाने, हे ठरेना म्हणून दोन दिवस थांबले. रागाने करते. तो जास्त आहे.

बोटं गेली यात तुझा काय दोष? नोकरी गेली त्यातही नाही. पण मी इथे पाच महिने एका अशा माणसाची बायको होते, जो नव्हताच. मी रोज त्याला उंच इमारतींवर चढताना बघत होते. 'सांभाळून' म्हणत होते. तू 'हो' म्हणत होतास, आणि मोजत होतास खिळे आणि लेबलं. तुला भाजी चिरून द्यायला प्लंबर होता. मी काय तेवढ्याही लायकीची नव्हते? दुरून का होईना, मी नुसती चिडले असते, रडले असते, पण तुझ्यासोबत रडले असते.

पत्र घेऊन बाबांकडे गेले. त्यांना आता कसं सांगायचं, याच काळजीत होते. ते चष्मा पुसत होते. मी दोन वाक्यं बोलले तरी त्यांनी मान वर केली नाही. तेव्हा कळलं.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. हॉस्पिटलातून प्लंबरनेच फोन केला होता. मग पोराने मला शपथ घातली."

"आणि मी त्या हेल्पलाइनला फोन लावून तास-तास बसायचे, तेव्हा?"

ते म्हणाले, "तेव्हा मी खाली फिरायला जायचो."

मला वाटायचं त्यांना व्यायामाची आवड लागली. तेव्हापासून त्यांच्याशी बोलले नाही. ताट वाढून आत निघून जायचे. आज सकाळी तेच माझं ताट वाढून बसले होते, म्हणून बोलावं लागलं.

काल लॅबमध्ये मी उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी गुंडाळली आणि मेणाची सुरी धरून बघितली. धरता येत नाही. एक दाढ कोरायला सकाळ गेली आणि ती दाढ वाटेना. मग तुझं फेब्रुवारीतलं पत्र काढलं, ज्याला मी मुंगी म्हटलं होतं. त्या एका पानाला तुला किती वेळ लागला असेल ते कळलं. तिथे जरा राग कमी झाला. पुन्हा वाढेल, सांगून ठेवते.

आता माझं. लपवायचं मलाही येतं. तुला पहिलं पत्र लिहिलं त्यानंतर पंधरा दिवसांनी बाईंनी मला बोलावलं होतं. ती सहकारीण तेव्हा आजारी पडली होती. म्हणाल्या, यंत्र तू शीक, पण दोन वर्षं सोडून जाणार नाही असं लिहून दे. मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. आत्ता व्हिसा येईल, म्हणून. तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाला असतास की बरं केलंस, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

काल मी स्वतःहून बाईंकडे गेले. त्यांनी कागद पुढे केला. मी सही केली.

अर्ज मागे घेतलेला नाही. खुलासा मी लिहिलाय, वकिलांनी बघितलाय. हॉस्पिटलचे कागद आणि गोदामाचं पत्र, दोन्हींचे फोटो लगेच पाठव, असा निरोप आजच फोनवर टाकतेय. यात टपालाचा नियम नाही, अठरा मे शेवटची तारीख आहे. पण नुसती वाट बघत बसणं माझ्याच्याने आता होणार नाही.

हात कसा आहे? खरं लिही.


१९ मे

हात थंडीत दुखतो, एरवी नाही. मूठ पुरती वळत नाही. स्क्रू धरता येतो, पेचकस जोर लावून फिरवता येत नाही. लिफ्टचं काम परत जमणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. हे आत्तापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं, बाबांनाही नाही. आता काही शिल्लक नाही.

कागद वेळेत पोचले, हे तुझ्या निरोपावरून कळलं. गोदामाच्या साहेबाकडे भीत भीत गेलो. कायम नाही, तरी इथे काम करतो एवढं लिहून द्याल का? दोन दिवसांत दिलं. जानेवारीपासून मी ते मागितलंच नव्हतं. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पण सहीचं वाचून मला राग आला. आला म्हणून लिहितो. दोन वर्षं? मला विचारावंसं नाही वाटलं? मी या भिंतींकडे बघत कुणासाठी बसलोय? मी लपवलं म्हणून तू परस्पर ठरवून मोकळी झालीस, मग फरक काय राहिला? व्हिसा आला आणि तू म्हणालीस की आता यंत्र आहे, तर मी काय करू?

सगळं सोडून मीच निघून येतो, असं चार वेळा मनात आलं. पण माझा इथला परवाना नूतनीकरणाला पडलाय. आत्ता बाहेर पडलो तर परत आत घेणार नाहीत, आणि तिकडे दोन बोटं कमी असलेल्या लिफ्टवाल्याला कोण उभं करणार?

रागात लिहिलंय. तरी टाकतो. तूच म्हणालीस हप्त्याने नको.


४ जून

फरक हा, की मी सही केल्याच्या दुसऱ्या दिवशी तुला कळवलं. बाकी तुझं बरोबर आहे. विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तू 'धीर धर' म्हणाला असतास, आणि मी धरला असता. इतकी वर्षं धरतेच आहे.

रागात निघून येऊ नको. एकाच्या आयुष्याचा खोळंबा झालाय तेवढा पुरे.

यंत्र शिकतेय. पहिली कॅप बिघडली, दुसरीही. तिसरी बसली. एका शिक्षिकेची होती, तिने आरशात बघितलं आणि खुर्चीत बसल्या बसल्याच सफरचंद मागितलं, असं डॉक्टरांनी फोन करून सांगितलं. बाई म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा." ते ऐकून घरी येईपर्यंत रस्ताभर मला तुझाच हात आठवत होता. यावर काय करायचं ते मला माहीत नाही.

सोबत बाबांची चिठ्ठी आहे. पाकीट चिकटवायच्या आत त्यांनी आणून दिली. मी वाचलेली नाही.

दातवाली


(चिठ्ठी)

चि. मिस्त्री,

अनेक आशीर्वाद. शपथ घालून तू मला फार वाईट जागी उभं केलंस. ती पोर माझ्यासमोर फोन कानाला लावून बसायची आणि मी चपला घालून निघायचो. या वयात जिने किती उतरायचे? यापुढे मला काही सांगितलंस तर ते तिला सांगितलं असं समज. मी पोटात ठेवणार नाही.

तिची सही झाली, याचा मला आनंद आहे. तुला राग येईल. येऊ दे.

हाताला तेल लाव.

तुझे बाबा


३ ऑगस्ट

प्रिय,

फोनवर सांगितलंच, व्हिसा आला. पण फोनवर तू आणि मी दोघेही नीट बोललो नाही, म्हणून लिहिते.

मला वाटलं होतं, ज्या दिवशी येईल त्या दिवशी मी नाचेन. पाकीट फोडलं आणि आधी नावाचं स्पेलिंग तपासलं. मग जन्मतारीख. मग परत स्पेलिंग. बाबा म्हणाले, "बरोबर आहे का?" मी म्हटलं, "बरोबर आहे." मग आम्ही दोघे चहा प्यायलो. दोन वर्षं एक महिना, आणि शेवटी काही कारण न देता आला. कुणाचं काय पटलं, खुलासा पटला की हवालदाराचा अहवाल, ते कधी कळणार नाही. चिडायलाही कुणी समोर नाही.

नव्वद दिवसांच्या आत एकदा प्रवेश करायचा. त्यानंतर ये-जा करता येते, वकिलांकडून दोनदा खात्री करून घेतली.

बाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. विचारलं, "चाललीस?" मी म्हटलं, "तीन आठवड्यांची रजा द्या." "परत येशील?" म्हटलं, "सही केलीय."

तर मी नऊ सप्टेंबरला येतेय आणि तीसला परत निघतेय. तिकीट काढलं. तुला न विचारता नाही, या वेळी आधी सांगितलं होतं, तू फोनवर 'बघ तू' म्हणालास. त्याचा अर्थ मी 'हो' असा घेतला. कायमचं यायचं की तू इकडे यायचंस, की असंच ये-जा करत ही दोन वर्षं काढायची, हे मला आज ठरवता येत नाही. पत्रातून तर नाहीच. मला तुझा हात बघायचाय. आणि तुझ्याशी समोरासमोर भांडायचंय. आपलं एकही भांडण अजून एका खोलीत झालेलं नाही.

विमान सकाळी अकराला पोचतं. दाराशी उभा राहा.

दातवाली


१६ ऑगस्ट

प्रिय दातवाली,

आधी वाईट बातमी, म्हणजे बाकीचं मोकळ्या मनाने वाचशील. नऊ तारखेला मला विमानतळावर येता येणार नाही. त्या दिवशी गोदामात वर्षाची मोजणी आहे. साहेबाकडे दोनदा गेलो. पहिल्यांदा नाही म्हणाला, दुसऱ्यांदा कारण ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. गेल्याच महिन्यात कायम झालोय, पाय आपटता येत नाही. दहा तारखेपासून चार दिवस मात्र सुट्टी दिली आहे. तापाचं निमित्त सांगून येऊ शकलो असतो. प्लंबरने तेच सुचवलं. पण मी खोटी कारणं देणं सोडलंय, आणि सुरुवात साहेबापासून करावी लागली याचं मलाच हसू येतं.

तू चिडशील. हे वाचून पत्र आपटशील. मीही गोदामात एक खोका आपटला.

'बघ तू' म्हणालो कारण तीन आठवडे ऐकून मी मनात दिवस मोजायला लागलो होतो. अजून मोजतोय. दोन वर्षं एक महिना थांबून एकवीस दिवस मिळतायत आणि त्यातलाही पहिला अर्धा दिवस गोदामात जाणार. पण तू ठरवलंस ते बरोबर आहे. मी दहा वेळा उलटसुलट विचार केला, दुसरं काही सुचलं नाही.

आता नीट वाच. बाहेर पडलीस की डावीकडे बसचा थांबा आहे, निळी बस. तिकीट आत चढल्यावर मिळतं. पूल ओलांडला की मोजायला लाग, तिसऱ्या थांब्यावर उतर. समोर धुलाईचं दुकान, त्याच्या शेजारचं दार. लिफ्ट आहे, पण घेऊ नको, तिच्या दाराचा आवाज मला पसंत नाही. सामान खालीच ठेव, मी आल्यावर वर नेईन. डाव्या हाताने नेतो, तू उचलायला धावू नको.

दुसरा मजला. प्लंबर दुपारपर्यंत घरीच थांबणार आहे. तो तुला किल्ली देईल आणि एकवीस दिवसांसाठी त्याच्या मित्राकडे जाईल. त्याला तुझ्याशी खूप बोलायचं असतं, जास्त बोलू देऊ नको, माझी लाज काढेल. गॅस डावीकडून पेटतो. अंडी, दूध, पाव आणून ठेवतो. जेवून घे, माझ्यासाठी थांबू नको.

मी साडेचारला सुटतो, पाचपर्यंत पोचतो. खोलीची किल्ली एकच आहे आणि ती तुझ्याकडे असेल. बेल मी वाजवीन.

लिफ्टवाला